तीन प्रतींचा ग्रंथ

परीक्षणार्थ येणाऱ्या ग्रंथांवर किंमत व प्रकाशकाचें नांव छापलेलें असतें. आज ज्या लिखाणाचा विचार करावयाचा आहे, त्यावर यांपैकीं कांहींच नाहीं. त्याच्या कर्त्यानें अवघ्या तीन प्रती तयार केल्या. दोन मंत्र्यांकडे धाडिल्या व तिसरी आपणांजवळ ठेविली, असें त्यानें लिखाणाच्या शेवटीं स्वतःच नमूद केलें आहे. हें लिखाण म्हणजे सन १९९३ चा व्होरा समितीचा अहवाल होय.

ह्या अहवालाचें लेखन दिल्लीस झालें, तरी त्याचा उगम रायगडच्या किनाऱ्यावर शोधावा लागतो. जानेवारी १९९३ मध्यें दिघीच्या धक्क्यावर चोरून शस्त्रें उतरलीं. फेब्रुवारींत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीस शस्त्रें व स्फोटक द्रव्यें उतरलीं. १२ मार्च रोजीं मुंबईंत एकामागून एक स्फोट होऊन २५७ माणसें प्राणांस मुकलीं व सातशेंहून अधिक जखमी झालीं. इतका माल कोणाच्या डोळ्यांदेखत आला, हा प्रश्न तेव्हां प्रत्येकाच्या तोंडीं होता. गुन्हेगारी टोळ्यांस अधिकारी व राजकारणी यांचा आश्रय कितपत आहे हें पाहण्यासाठीं जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. गुप्तवार्ता खात्यांचे व केंद्रीय अन्वेषण खात्याचे प्रमुख तिचे सभासद होते. अहवाल ऑक्टोबरांत सादर झाला. संसदेपुढें तो आला १९९५ च्या ऑगस्टांत.

जें प्रसिद्ध झालें तें वाचतांना वाचकाची स्थिति मोठी चमत्कारिक होते. निष्कर्ष अत्यंत प्रखर आहेत. टोळ्यांचें जाळें जणूं एक समांतर सरकारच चालवीत आहे, इतक्या थराचें मत त्यांत नोंदलेलें आहे. एखाद्या गुन्हेगाराच्या उदयाची हकीकतहि येते. परंतु ज्यांच्या छत्राखालीं हा उदय झाला, ते अधिकारी कोण, ते पुढारी कोण, याविषयीं अहवाल मौन धरितो. कोणत्याहि शास्त्रीय ग्रंथांत सिद्धान्त मांडून आधार गाळले असते, तर आम्हीं त्या ग्रंथकारास दोष दिला असता. येथें दोष देण्यापूर्वीं मात्र दुसरी बाजू ऐकून घेणें प्राप्त आहे.

ती बाजू सर्वोच्च न्यायालयानें दिनेश त्रिवेदी यांच्या दाव्यांत १९९७ सालीं मांडिली. अहवालामागील मूळ कागद उघड करावेत ही मागणी न्यायालयानें मान्य केली नाहीं. नागरिकांस माहितीचा हक्क आहे, पण तो निरंकुश नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें. तें आम्हांसहि पटतें. गुप्तवार्तेच्या कागदांत खबर देणाऱ्याचा माग असतो, आणि तो माग उघडा पडला तर त्या माणसाच्या जिवावर बेतते. शिवाय तेथें नोंदलेला संशय पुराव्याच्या कसोटीस उतरलेला नसतो. तो छापला गेल्यास निरपराध्याची अब्रू जाण्याचें भय आहे. पण न्यायालय एवढ्यावरच थांबलें नाहीं. अशा आश्रयाच्या तपासावर देखरेख ठेवण्यासाठीं एक उच्चाधिकारी मंडळ नेमावें, अशीहि शिफारस त्यानें केली. गुप्तता म्हणजे स्वस्थ बसण्याची मुभा नव्हे, हाच तिचा अर्थ.

आतां ह्या अहवालाशेजारीं त्याच प्रकरणाचें दुसरें लिखाण ठेवून पाहावें. तें म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २१ मार्च २०१३ चा निकाल. तो कोणासहि वाचावयास मोकळा आहे. भाषा रुक्ष व पुनरुक्ति फार. तरी जें अहवालांत नाहीं तें त्यांत आहे. दिघीस माल उतरल्यावर तो नेणारी वाहनें पोलिसांनीं गोंडघर फाट्यावर अडविलीं, लाचेचा सौदा ठरला, रोकड हातीं येईपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या, आणि वाहनें पुढें गेलीं, ही सारी हकीकत तेथें साक्षीपुराव्यासह वाचावयास मिळते. पोलिस व कस्टम्स खात्यांतील कांहीं माणसांच्या शिक्षा न्यायालयानें कायम केल्या. हें सर्व छापून निघाल्यानें राष्ट्राच्या संरक्षणाचें कोणतें गुपित फुटलें? आम्हांस तर एकहि दिसत नाहीं. त्या फाट्यावर झांकण्याजोगी वस्तु एकच होती, आणि ती म्हणजे लांच.

ह्याच किनाऱ्याशीं निगडित असा एक जुना दाखला येथें आठवतो. श्रीवर्धन हें भट पेशव्यांचें मूळ गांव. त्यांचें पुण्याचें दप्तर १८१८ नंतर इंग्रज सरकारच्या ताब्यांत गेलें, आणि स्वतंत्र संशोधकांस त्याचें दार दीर्घकाळ बंदच राहिलें. जुने हक्क व दावे उकरले जातील, राजकारणास धार येईल, अशी सरकारास धास्ती होती. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. राज्य डळमळलें नाहीं. इतिहास मात्र सुधारला. अर्थात् शंभर वर्षांपूर्वींचे कागद आणि हयात खबऱ्यांचीं नांवें यांत अंतर आहे, हें आम्ही विसरत नाहीं. पण धास्ती दाखविणारा पक्षच त्या धास्तीचा न्यायाधीश असला म्हणजे कुलूप गरजेपेक्षां अधिक काळ टिकतें, एवढा बोध त्यांतून घ्यावयास हरकत नाहीं.

सुदैवानें मर्यादा कोठें आंखावी हें कायद्यानेंच बरेंचसें सांगितलें आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नें गुप्तवार्ता संस्थांस वगळलें आहे. पण भ्रष्टाचाराच्या आरोपांसंबंधींची माहिती त्या सवलतींत येत नाहीं, असेंहि तेथेंच म्हटलें आहे. वीस वर्षांपूर्वींच्या घटनांविषयीं तर बहुतेक अपवाद गळून पडतात. राष्ट्राच्या सुरक्षिततेसारखे मोजकेच उरतात. १९९३ ला वीस वर्षें केव्हांच उलटलीं. खबऱ्याचें नांव व पाळतीची रीत झांकलेलीच राहो. परंतु सरकारी पगार घेणाऱ्यानें आपल्या पहाऱ्यावर काय केलें, हें त्याच आवरणाखालीं दडवूं नये.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या जिज्ञासेचा नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मारेकरी पुन्हां समुद्रमार्गेंच मुंबईंत आले. किनाऱ्यावरील कोळी बांधवांनीं सागर सुरक्षा दलांत यावें, अनोळखी होडी दिसतांच चौकीस कळवावें, अशी अपेक्षा सरकार बाळगतें, आणि ती योग्यच आहे. पण शेखाडीच्या माणसास ठाऊक आहे कीं, १९९३ सालीं माल अडविणारी चौकीच विकली गेली होती. त्यानें आज कोणत्या भरंवशावर खबर द्यावी? विकणाऱ्यास शिक्षा झाली, त्याच्या वरचाहि कोणी सुटला नाहीं, हें त्यास कागदावर दिसलें तरच तो रात्रीं उठून चौकीची वाट धरील. निकालानें त्याचें निम्में समाधान केलें आहे. उरलेलें निम्में व्होरा समितीनें पाहिलेल्या कागदांत असेल, तर तेथील खबऱ्यांचीं नांवें खोडून बाकीचे कागद आतां उघडे करावेत, अशी आमची सूचना आहे.