नाडीचा आकडा आणि मुलाचे उत्तर : कन्कशननंतरच्या व्यायामचाचणीची भाषिक समीक्षा

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय धरला गेला, की त्याचे डोके कधी जमिनीवर, कधी पकड करणाऱ्याच्या गुडघ्यावर आपटते. हाड मोडत नाही, रक्त येत नाही, बहुधा शुद्धही हरपत नाही. तथापि मेंदूच्या कार्यात काही काळ बिघाड होतो. यालाच वैद्यक कन्कशन म्हणते. हा बिघाड नेहमीच्या छायाचित्रणात सहसा दिसत नाही. तो मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यातून कळतो, आणि म्हणूनच हा विषय वैद्यकाइतकाच भाषाविज्ञानाचाही ठरतो.

अशा मुलास अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती द्यावी, असे मत दीर्घकाळ रूढ होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन परीक्षणाने त्याला धक्का दिला. पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्यांनी, एक-दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा अधिक लक्षणे नोंदविली. बफेलो विद्यापीठातील जॉन लेड्डी व बॅरी विलर यांनी विकसित केलेली चाचणी याच विचारपरिवर्तनातील महत्त्वाचा टप्पा होय. रुग्णास चालपट्ट्यावर ताशी सुमारे पाच किलोमीटर वेगाने चालवितात, दर मिनिटास चढ वाढवितात, आणि त्रास शून्य ते दहापैकी किती, हे प्रत्येक मिनिटास विचारतात. त्रास विश्रांतीच्या वेळेपेक्षा तीन गुणांनी वाढला की चाचणी थांबते. त्या क्षणीची नाडी ही मर्यादा मानून, तिच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत रोज वीस मिनिटे व्यायाम सांगितला जातो.

या पद्धतीचे यश नाकारता येणार नाही. १३ ते १८ वर्षांच्या १०३ मुलामुलींवरील २०१९ च्या परीक्षणात व्यायाम करणारे १३ दिवसांत, तर केवळ अंग ताणण्याचे प्रकार करणारे १७ दिवसांत बरे झाले. हे आकडे मध्यकाचे आहेत. २०२१ च्या ११८ जणांच्या परीक्षणात हेच अंतर १४ व १९ दिवसांचे होते. २०२२ च्या अॅमस्टरडॅम परिषदेचे निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानेही पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती व नंतर हलकी हालचाल हाच मार्ग सांगितला. खेळाडूस त्याच दिवशी मैदानात परत पाठवू नये, हा दंडकही कायम राहिला.

प्रश्न उरतो तो मर्यादेच्या स्वरूपाचा. नाडी यंत्राने मोजली जाते, म्हणून मिळणारा आकडा वस्तुनिष्ठ भासतो. पण कोणत्या क्षणीची नाडी धरावयाची, हे मुलाचे उत्तर ठरविते. समजा, खरी मर्यादा १५० ठोक्यांची आहे. तिचे ८० टक्के १२० होतात. मुलाने त्रास दडविला आणि चाचणी १७० वर थांबली, तर त्यास १३६ ठोक्यांपर्यंतचा व्यायाम सांगितला जाईल. येथे चूक यंत्राची नसते, संवादाची असते.

डहाणू व तलासरी या तालुक्यांत ही अडचण विशेष तीव्र होते. आश्रमशाळेतील मूल घरी वारली किंवा धोडिया बोलते, वर्गात प्रमाण मराठी ऐकते, आणि सीमेलगत गुजरातीही त्याच्या कानावर पडते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात वारलीचे वर्णन मराठीच्या खंडात (१९०५), तर धोडियाचे भिल्ली गटात आले आहे. म्हणजे एकाच संघातील दोन मुलांचे प्रमाण मराठीशी असलेले अंतर सारखे नाही.

लक्षणांचे शब्द पाहावेत. स्कॅट-६ या मूल्यमापन-पत्रिकेत बावीस लक्षणे आहेत. त्यांतील ‘धुक्यात असल्यासारखे वाटणे’ हे इंग्रजी रूपक शब्दशः मराठीत आणले, तर डहाणूच्या मुलास पौषातील पहाट आठवेल, मंदावलेली बुद्धी नव्हे. ‘सुचेनासे झाले आहे का?’ हा प्रश्न त्या अर्थाच्या अधिक जवळ जातो. उलटपक्षी मराठीतील ‘चक्कर’ हा शब्द गरगरणे, तोल जाणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे या तिन्हींना पुरतो. पत्रिकेस मात्र त्यांतील भेद हवा असतो. ‘डोके जड झाले’ या वाक्यात दाब, गुंगी व थकवा एकत्र नांदतात. भाषांतरकाराने शब्दास शब्द ठेवला, की बावीस लक्षणांपैकी काही परस्परांत मिसळतात आणि बेरीज फसवी होते.

मैदानावर विचारावयाच्या मॅडॉक्स-प्रश्नांत शेवटचा गुण कोणी मिळविला, असे विचारतात. कबड्डीत, जेथे गुण क्षणोक्षणी पडतात, तेथे ‘शेवटची चढाई कोणी केली?’ हा प्रश्न अधिक योग्य ठरेल. महिने उलट क्रमाने म्हणण्याची कसोटीही एकाग्रतेइतकीच शालेय सवयीची परीक्षा घेते.

याहून सूक्ष्म अडचण प्रश्नकर्त्याच्या अधिकाराची आहे. ‘आता बरे वाटते ना?’ असे गुरुजींनी विचारल्यावर ‘हो, गुरुजी’ याखेरीज उत्तर संभवत नाही. त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच दिलेले असते. शिवाय सामना गमावण्याची भीती मुलास असतेच.

तोल व डोळ्यांच्या हालचाली तपासून भाषा टाळता येईल, असा आक्षेप येऊ शकतो. त्या तपासण्या उपयुक्त आहेत. परंतु व्यायाम कोठे थांबवावा हे सांगणारा त्रास मुलालाच जाणवतो, आणि तो त्यालाच सांगावा लागतो. म्हणून चालपट्टा मिळविण्याआधी प्रश्नावली घडविणे अधिक निकडीचे आहे. हंगामापूर्वी, मुले निरोगी असताना, त्यांच्याच बोलीतील दुखण्याचे शब्द नोंदवावेत. ‘ना’ वर्ज्य करून ‘काय होते?’ असे मोकळे प्रश्न ठरवावेत. शून्य ते दहाची पट्टी आधी ओळखीच्या अनुभवांवर, जसे भारा वाहून आल्यावरच्या थकव्यावर, मुलांकडून वापरून पाहावी. विचारणारा शक्यतो बोली जाणणारा आणि संघनिवडीशी असंबद्ध असावा. चाचणी मात्र वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावी. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झटके किंवा मंदावणारी शुद्ध दिसल्यास चाचणीचा विचार न करता तात्काळ रुग्णालय गाठावे.

बफेलोची चाचणी शरीराविषयी पुष्कळ सांगते. परंतु तिचा निष्कर्ष मुलाच्या एका उत्तरावर तोललेला आहे. ते उत्तर ज्या बोलीत येते ती बोली चाचणीचाच भाग आहे, असे मानल्याखेरीज ही पद्धत डहाणू-तलासरीत विश्वासार्ह ठरणार नाही.