‘विकत घ्या’ या शब्दांचा अर्थ

तंत्रज्ञानाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात यंत्राची परीक्षा बारकाईने होते. पडदा किती इंचांचा, बॅटरी किती तास चालते, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, याचे तक्ते पुरवण्यांतून नेहमी येतात. यंत्रासोबत येणाऱ्या ज्या करारावर आपण ‘मान्य’ म्हणून बोट ठेवतो, त्याची परीक्षा मात्र क्वचितच होते. खरे तर करार म्हणजे मजकूर, आणि मजकूर वाचणे हे साहित्याच्या वाचकाचे काम. म्हणून ई-पुस्तकाचे उदाहरण घेऊन हे काम करून पाहतो. विषय आपल्याच घरातला आहे.

जुलै 2009 मध्ये अमेरिकेतील अनेक वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तके नाहीशी झाली. ज्या विक्रेत्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉनने ती दुरून पुसली आणि पैसे परत केले. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी पुढे जाहीर माफी मागितली. या बातमीवर जगभर विनोद झाले, कारण पुस्तक ऑर्वेलचे होते. पण विनोदात मुख्य गोष्ट हरवली. पदपथावरच्या विक्रेत्याने चोरीची आवृत्ती विकली, तरी ती परत घ्यायला कोणाला तरी दारापर्यंत यावे लागते, कागद दाखवावा लागतो. इथे दारच नव्हते.

दुसरे उदाहरण कमी गाजले, पण मला अधिक बोलके वाटते. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि विकलेली पुस्तके वाचकांकडूनही गेली. पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांवर टिपणे केली होती, त्यांना वर 25 डॉलर देऊ केले. समासातल्या टिपणांची किंमत इतक्या स्वच्छ आकड्यात क्वचितच कोणी लावली असेल.

अशा वेळी तीन मते हमखास ऐकू येतात. पहिले : ‘पैसे मिळाले ना, मग तक्रार कसली?’ हे मत पुस्तकाला भांड्याकुंड्यांच्या रांगेत बसवते. कुकर गेला तर दुसरा आणता येतो. वाचलेली, खुणा केलेली प्रत गेली की वाचनाचा पुरावा जातो.

दुसरे मत : ‘अटी वाचूनच मान्य करायच्या होत्या.’ हे बरोबर आहे, पण अर्धेच. अटींच्या आत ‘परवाना’ लिहिलेले असते आणि बटणावर ‘विकत घ्या’. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. खरेदीखत, भाडेपट्टा, गहाणखत, वहिवाट हे शब्द आपल्याकडे शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत काटेकोरपणे वापरले जातात. शहरात घर देताना मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’चाच आग्रह धरतो, कारण त्यात राहणाऱ्याचा जागेवर हक्क निर्माण होत नाही. ई-पुस्तक आपल्याला याच बोलीवर मिळते. फक्त पाटी खरेदीची असते. घराच्या दलालाने असे केले असते तर आपण त्याला फसवणूक म्हटले असते. कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा आहे की, माल परवान्यावर असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येत नाही. एका शब्दासाठी कायदा करावा लागला, यावरून त्या शब्दाचे वजन कळते.

तिसरे मत : ‘डिजिटल कुलूप उघडणे म्हणजे चोरीच.’ आपला कायदा इतका सरसकट बोलत नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम 65 अ हे हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. कायद्याने निषिद्ध नसलेल्या कामासाठी मोकळीकही ठेवते. त्याच दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती करण्याची सवलत दिली, आणि त्याच विषयावरच्या माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. कायदा वाचकाच्या बाजूने जेवढा उभा आहे, तेवढे आपले लोकमतही नाही.

ई-पुस्तकाचे उपकार मी नाकारत नाही. अक्षर मोठे करता येते, हे पन्नाशीनंतर कोणालाही पटते. 2016 च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके रीतसर आली, तेव्हा परदेशातल्या मराठी वाचकाची टपालखर्चातून सुटका झाली. प्रश्न सोयीचा नाही, ती कोणत्या अटीवर मिळते याचा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलवर नेण्याची सोय काढून टाकली. ज्यांना ती वापरायची सवय होती, त्यांच्या हातातली एक किल्ली अशी गेली.

माझ्यासारख्या, विद्यापीठाबाहेर राहून काम करणाऱ्याचा अभ्यास जुन्या प्रतींवर उभा असतो. रद्दीतून आलेला अंक, मोडीत निघालेल्या वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक, कोणीतरी पेन्सिलीने केलेली खूण. या वस्तू माझ्यापर्यंत येतात, कारण पहिल्या मालकाला ती प्रत विकण्याचा, देण्याचा, मागे ठेवून जाण्याचा हक्क होता. परवान्यावरचे पुस्तक सहसा खातेदाराबरोबरच संपते. ते रद्दीत जात नाही, वारसाकडेही जात नाही. पन्नास वर्षांनी आजच्या मराठी वाचनाचा शोध घेणाऱ्याला ही वाट बंद झालेली असेल.

उपाय मराठी प्रकाशकांच्या हातात काही अंशी आहे. कुलूप न लावता फाइल विकता येते; खरेदीदाराचे नाव तिच्यावर छापता येते. आणि जे परवान्यावर देतात त्यांनी तसे म्हणावे. वाचकाने एवढेच विचारावे : हे पुस्तक मी कोणाला देऊ शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण भाडे भरतो आहोत, आणि किंमतही भाड्याइतकीच असायला हवी.