वाळूच्या हौदातील उत्खनन

वस्तुसंग्रहालयांनी कुटुंबांसाठी योजिलेल्या कार्यक्रमांत एक प्रकार अलीकडे विशेष लोकप्रिय झाला आहे. वाळूच्या हौदात खापरे, मणी, हाडांच्या प्रतिकृती पुरून ठेवतात. मुले कुंचल्याने वाळू सारून त्या हुडकतात आणि हाती लागलेली वस्तू उंचावून आईवडिलांस दाखवितात. त्यांचा आनंद खरा असतो, याविषयी शंका नाही. आक्षेप आहे तो या खेळास उत्खनन म्हणण्याविषयी. वस्तू जेथून उचलली त्या जागेची नोंद येथे कोणीच करीत नाही. पुराव्याचे बळ मात्र तिच्यातच असते.

दायमाबादचे उदाहरण घ्यावे. प्रवरातीरावरील या स्थळी १९७४ साली एका स्थानिक रहिवाशास काशाची चार भरीव शिल्पे मिळाली : सारथ्यासह बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. पैकी तीन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. कोणतेही मूल त्या गेंड्यापाशी थबकेल. परंतु शिल्पे निघाली तेव्हा थर पाहावयास तेथे कोणी अभ्यासक नव्हता. पुढे एस. ए. साली यांनी तेथे उत्खनन करून त्यांचा काल उत्तर-हडप्पा ठरविला. धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी त्याविषयी शंका घेतली. साठ किलोंहून अधिक वजनाचा हा ठेवा, पण त्याच्या वयाविषयी वाद करावा लागतो!

याच्या उलट इनामगाव. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात घरांच्या जमिनीखाली तोंडास तोंड लावून आडवे ठेवलेले कुंभ आढळले. आत बालकांच्या अस्थी होत्या. तेच कुंभ कपाटात सुटे मांडले तर ती दोन मडकी होत. गेलेले मूल घरच्यांनी आपल्या छपराखालीच ठेवले, हे त्यांच्या जागेवरून कळते. संग्रहालयात आलेल्या कुटुंबास सांगण्याजोगे याहून अधिक काय असावे?

निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांतही हाच न्याय लागू पडतो. पेंढा भरलेला पक्षी सर्वांस दिसतो. तो कोठे व केव्हा मिळाला हे सांगणारी त्याच्या पायाची चिठ्ठी क्वचितच कोणास दाखविली जाते. ती गळाली की अभ्यासकाच्या दृष्टीने नमुना जवळजवळ निकामी होतो.

आपल्याकडे हा प्रश्न निव्वळ अध्यापनपद्धतीचा नाही. गावोगावच्या पांढरीची माती खत म्हणून शेतात वाहून नेण्याची चाल जुनी आहे, आणि मातीबरोबर थरही जातात. पांढरीवर खापर दिसताच ते उपटून घेण्याची सवय आपण हौशीने मुलांस लावावी काय?

हौद मोडावा असे आमचे म्हणणे नाही. त्यात वाळूऐवजी दोन रंगांच्या मातीचे थर द्यावेत, एक चूल व जमिनीचा तुकडा रचावा, दोरीने चौकोन आखावेत. आणि वस्तू दिसली की मुलाने प्रथम तिची जागा कागदावर काढावी, मगच ती उचलावी. मुले कुरकुरतील, रांगही लांबेल. उत्खननातले पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही कुरकुरतातच.