तीन कोटी शब्दांची तूट : गुणाकार बरोबर, पण तराजू?

बालभाषा किंवा बालशिक्षणावर सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक वाक्य हमखास भेटतं : गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. वाक्य इतकं जोरदार आहे की आपण ते सरळ पहिल्या पानावर टाकतो. टाकण्याआधी हा आकडा कसा तयार झाला ते बघू.

आकडा आला बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या 1995 च्या पुस्तकातून. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतली 42 कुटुंबं, दर महिन्याला एक तास घरी जाऊन रेकॉर्डिंग, मूल तीन वर्षांचं होईपर्यंत. उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या घरी मुलाला उद्देशून तासाला सरासरी 2153 शब्द बोलले गेले, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरी 616. फरक 1537. आठवड्याला जागेपणीचे 100 तास धरले, वर्षाचे 52 आठवडे, आणि चार वर्षं. करा गुणाकार : 3 कोटी 19 लाखांच्या आसपास.

गुणाकारात चूक नाही. पण सरकारी मदतीवरची कुटुंबं होती फक्त 6, आणि ती सगळी कृष्णवर्णीय. म्हणजे गरिबी आणि वंश हे दोन घटक वेगळे करताच येत नाहीत. त्यात अनोळखी माणूस रेकॉर्डर घेऊन बसल्यावर कोणतं घर नेहमीसारखं बोलतं? तासाच्या मोजणीतली छोटी चूकसुद्धा चार वर्षांच्या गुणाकारात 20,800 पट होते. आपण विज्ञानवाले काटा शून्यावर आहे का हे बघितल्याशिवाय वजन करत नाही. इथेही तेवढंच करायचंय.

आता हाच आराखडा उचलून जळगाव-धुळ्यात आणला तर काय होईल? कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळपासून शेतात. बाळ आजीजवळ, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. ओट्यावर शेजारणी बसलेल्या, चार तोंडांची चार बोलणी. तुम्ही संध्याकाळी जाऊन आईचा एक तास मोजला, तर हाती येतील दमलेल्या बाईचे शब्द. त्याला ‘घरातली भाषा’ म्हणायचं का? डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये वेगवेगळ्या अमेरिकन वस्त्यांमधली रेकॉर्डिंग याच नजरेने तपासली. सांभाळणारी सगळी माणसं आणि कानावर पडणारं बोलणं धरलं की आकडे बरेच वाढले, आणि एकाच आर्थिक थरातल्या वस्त्यांमध्येही मोठे फरक दिसले.

दुसरी अडचण जास्त आपली आहे. घरात अहिराणी, आणि तपासणीची यादी प्रमाण मराठीत. अडीच वर्षांचं पोर म्हणतं, “माले पानी दे.” यादीत ‘मला’, ‘पाणी’ शोधणारा खूण करताना अडखळतो. खरं तर त्या पोराने कोणाला द्यायचं हे सांगणारा प्रत्यय अचूक लावलाय. अहिराणीत तो ‘ले’ आहे, एवढंच. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारं मूल बोबडं नसतं, त्याच्या घरात ‘ळ’च्या जागी ‘य’ आहे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने 1907 सालीच खानदेशीला मराठीपासून वेगळं काढून भिल्ल भाषांच्या खंडात ठेवलं होतं. 2011 च्या जनगणनेतही तिची वेगळी नोंद आहे, बोलणारे 18 लाखांहून जास्त. एवढ्या लोकांच्या मुलांचं व्याकरण आपली यादी ‘चूक’ म्हणून मोजणार असेल, तर तूट यादीत आहे.

इथे बहिणाबाईंचं नाव घ्यायचा मोह होतो : असोद्याची निरक्षर बाई आणि एवढी भाषा! पण एक असामान्य माणूस हा नमुना नसतो. विरोधकाकडे मागतो तोच पुरावा आपल्याकडूनही मागायला हवा.

म्हणून दुसरी बाजूही लिहा. स्पेरींच्या अभ्यासात उच्चशिक्षित व्यावसायिकांचा गटच नव्हता, त्यामुळे मूळ तुलना त्यांनी पूर्ण खोडली असं म्हणता येत नाही. आणि वाइसलेडर व फर्नाल्ड यांचा 2013 चा अभ्यास तर नीट वाचाच. अमेरिकेतली 29 स्पॅनिश भाषक, कमी उत्पन्नाची कुटुंबं, बाळाच्या कपड्यात बसवलेला रेकॉर्डर. एका दिवसात एका बाळाला उद्देशून 12 हजारांवर शब्द, दुसऱ्याला जेमतेम 670! ज्यांच्याशी जास्त बोललं गेलं, त्यांचा शब्दसंग्रह दोन वर्षांच्या वयात मोठा होता. नुसतं कानावर पडलेल्या बोलण्याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे ओट्यावरच्या गप्पांनी सगळी भरपाई होते हे आपलं आवडतं उत्तरही डळमळीत आहे. बाळाशी बोलणं महत्त्वाचं आहेच. पण एकाच उत्पन्नगटात 18 पट फरक असेल, तर उत्पन्न बघून घराची भाषा ठरवता येत नाही.

मग करायचं काय? आई नाही, मूल केंद्रस्थानी धरा. जो जो त्याच्याशी बोलतो तो मोजा, आजी आणि बहीणही. वेचणीच्या हंगामात आणि हंगामानंतर, दोन्ही वेळा जा. शब्दयादी अहिराणी बोलणाऱ्या आयांबरोबर बसून तयार करा. आणि दोन भाषांतल्या मुलाचे गुण देताना एकूण किती संकल्पनांना त्याच्याकडे शब्द आहे हे बघा, मग तो ‘डोया’ असो की ‘डोळा’.

हे का सांगतोय? कारण आपले प्रबंध कपाटात राहिले तरी त्यातली वाक्यं बाहेर पडतात. प्रशिक्षणात जातात, अंगणवाडीत पोचतात, आणि एक दिवस कोणीतरी एखाद्या आईला सांगतं की तुमच्या बोलीमुळे पोरगं मागे पडतंय. ती घाबरते, आणि येत नसलेल्या मराठीत मुलाशी चार शब्द बोलून गप्प होते. जे बोलणं वाढायला हवं होतं, तेच आपल्या आकड्याने कमी केलं.