‘ठेवलेला’ विश्वास आणि ‘बसलेला’ विश्वास

आपण विश्वासात आहोत की नाही याची परीक्षा स्वतःच करावी, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (13:5) बजावले आहे. ही परीक्षा करावयाची कशी? मराठीत विश्वास ‘ठेवला’ जातो, तसाच तो ‘बसतो’ही. पहिल्या प्रयोगात कर्त्याचा निश्चय आहे. दुसऱ्यात व्यक्ती कर्ता नसून केवळ अनुभव घेणारी आहे. मराठी बायबलने ‘ठेवणे’ पत्करले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (1934–37) मात्र दुसऱ्या प्रयोगाची साक्ष देतात.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मधला, लक्ष्मीबाईंचा 1900 मधला. दरम्यान त्यांचे प्रथम सुटले ते सोवळे. सिद्धान्ताचा स्वीकार मागाहून आला. सोवळे सुटणे म्हणजे ख्रिस्तनिष्ठा नव्हे, सुधारकही ते सोडीतच, हा आक्षेप रास्त आहे. तथापि बाप्तिस्म्यापूर्वीच त्या पतीकडे परतल्या होत्या व तेथेही काही काळ सोवळे पाळीत होत्या. म्हणजे केवळ सहवासासाठी धर्मांतर करण्याचे कारण उरले नव्हते. अशा स्थितीत आचारातील पालट हा विश्वासाचा पुरावा ठरत नसला, तरी त्याची पूर्वखूण निश्चित ठरतो. आत्मपरीक्षण करणाऱ्याने म्हणूनच, आपण काय मानतो याबरोबर आपले काय सुटले, हेही पाहणे अगत्याचे आहे.