सस्पेन्स खातं

भूत प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य मला अजून भेटायचा आहे. भूत पाहिलेल्या माणसाला ओळखणारा मनुष्य मात्र प्रत्येक बैठकीत एक तरी असतोच. ‘आमच्या साडूच्या ऑफिसातले एक गृहस्थ’ किंवा ‘मावसभावाचा ड्रायव्हर’ यांच्या अलीकडे यायला भूत सहसा तयार नसतं. पाठीमागे सह्याच सह्या असलेला चेक असतो ना, तशातला हा प्रकार. या हातातून त्या हातात गेल्याच्या सह्या भरपूर, पण मूळ खातेदार कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. असा चेक काउंटरवर आला तर मी चष्मा पुसून दोनदा बघतो. बैठकीत आला की मात्र पाय वर घेऊन, पाठ भिंतीला लावून, “हं, पुढं?” म्हणतो.

आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, लग्नातल्या मठ्ठ्याची तर पंगत उठायच्या आत होते. पण मित्रमंडळींच्या बैठकीत सांगितल्या जाणाऱ्या भुताच्या गोष्टींकडे समीक्षकांनी म्हणावं तसं लक्ष दिलेलं नाही. हे काम बी. कॉम. झालेल्या माणसाचं नव्हे, हे मला मान्य आहे. पण ताळेबंद वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट कळते: आकडे कितीही सुबक मांडलेले असले, तरी त्यामागं माल आहे की नाही ते वेगळं बघावं लागतं.

आमची बैठक महिन्याच्या चौथ्या शनिवारी भरते. त्या दिवशी बँकेला सुट्टी असते, हे एक कारण. दुसरं कारण मंडळींनी घरी सांगितलेलं नाही. पूर्वी रम असायची. पुढं एकेकाचे रिपोर्ट येऊ लागले आणि आम्ही नाशिकच्या वाइनवर आलो. वाइनचे सोपस्कार फार. ती अमुक इतकी थंड हवी, ग्लास देठाला धरायचा, आणि तांबडी असेल तर बाटली उघडून तिला थोडा वेळ श्वास घेऊ द्यायचा म्हणे. भुताच्या गोष्टी रंगात आल्या की खोलीत निवांत श्वास घेणारी ती एकटीच असते.

भुताच्या गोष्टीला खरं म्हणजे कंदील लागतो. कंदिलाचा उजेड हातभर असतो आणि उरलेली खोली ज्याची त्यानं आपल्या कल्पनेनं भरायची असते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चार दिव्यांच्या लखलखाटात, पलीकडं लिफ्ट ‘दरवाजा बंद करा’ म्हणून ओरडत असताना श्रोत्याच्या अंगावर काटा आणायचा, हे खायचं काम नाही. तेव्हा सांगणाऱ्यांना पाच-दहा मार्क सहानुभूतीचे देऊनच मी सुरुवात करतो.

पहिला मान विमेवाल्यांचा. हे आमचे मित्र विम्याच्या धंद्यात असल्यामुळं मृत्यूचा विषय सहज काढतात.

“रात्रीचे पावणेदोन,” ते आवाज खाली आणून म्हणतात. “कशेडी घाट. धो धो पाऊस. वळणावर एक बाई उभी. पांढरी साडी, केस मोकळे...”

“गेल्या खेपेला ही बाई खंबाटकीला होती,” प्राध्यापक म्हणाले.

“बदली झाली असेल,” मी म्हणालो.

विनोद सोडा, पण माझा आक्षेप नेमका हाच आहे. ही बाई खंबाटकीला उभी राहते, कशेडीला राहते, कसाऱ्याला राहते. साडीला काठ नाही, कपाळाला काही नाही, माहेर नाही, सासर नाही. ती कशानं गेली हे विमेवाल्यांना विचारलं तर “ॲक्सिडेंटच असणार” म्हणतात. म्हणजे क्लेमचा फॉर्मसुद्धा भरलेला नाही! माझ्या मते ही बाई कुठल्याच घाटातली नाही. ती १९६४ सालच्या ‘वो कौन थी?’ या चित्रपटातली आहे. पावसाळी रात्र, मोटारीतून निघालेला डॉक्टर, आणि रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना. तेव्हापासून ती बिचारी जी उभी आहे ती आहेच. २०२३ साली कशेडीचा बोगदा वाहतुकीला खुला झाला आणि गाड्या परस्पर आतून जाऊ लागल्या. वर घाटात तिची रात्र कशी जात असेल, याची चिंता विमेवाल्यांना नाही, मला आहे.

दुसरे प्राध्यापक. यांना भुतांपेक्षा भुतांच्या गोष्टींचा इतिहास जास्त आवडतो. ग्लास देठाला धरायचा, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं. ते १८१६ सालात जातात. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या धुळीनं आभाळ असं झाकोळलं, की युरोपात पुढच्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी व्हिला दिओदाती नावाच्या बंगल्यात लॉर्ड बायरन, त्याचा डॉक्टर पोलिदोरी, आणि शेजारी उतरलेले कवी शेली, मेरी आणि तिची सावत्र बहीण अशी मंडळी पावसानं अडकून पडली. जर्मन भूतकथांचं फ्रेंच भाषांतर वाचता वाचता बायरन म्हणाला, आपण प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहू या.

“आणि पुढं काय झालं बघा,” प्राध्यापक बाटलीकडे हात करून म्हणतात, “एका बैठकीतून केवढं साहित्य निघालं!”

निघालं खरं. पण कुणाकडून निघालं? दोघे थोर कवी थोडं खरडून मोकळे झाले. डॉक्टरानं बायरनच्या अर्धवट सोडलेल्या कल्पनेवरून रक्तपिपासू उमरावाची गोष्ट रचली, ती १८१९ साली छापली गेली. आणि खरं काम केलं ते अठरा वर्षांच्या मेरीनं. तिचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली प्रसिद्ध झाला, आणि प्रेतात जीव घालणाऱ्या माणसाची ती गोष्ट दोनशे वर्षं झाली तरी संपायला तयार नाही.

प्राध्यापक याचं श्रेय हवामानाला आणि वाइनला देतात. मी देत नाही. या बैठकीच्या आदल्या वर्षी मेरीला दिवस पुरे व्हायच्या आत मुलगी झाली होती. ती दोन आठवडेही जगली नाही, नाव ठेवायचंही राहून गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मेरीला स्वप्न पडलं, ते तिनं रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. मूल नुसतं गारठलं होतं, शेगडीपाशी धरून चोळल्यावर ते पुन्हा हललं, आणि मग जाग आली. आता सांगा, बायरननं गोष्ट लिहा म्हटल्यावर या पोरीला विषय शोधत हिंडावं लागलं असेल का? बाकीचे भूत बोलवत होते. हिच्याकडे ते आधीच येऊन बसलेलं होतं.

तिसरे आमचे मास्तर, तळकोकणातले. हे कमी बोलतात आणि वाइन चहासारखी फुंकर घालून पितात. बैठकीला येताना ते कधी कधी एखादं पुस्तक आणतात. एकदा त्यांनी एन्थोवेन साहेबानं संपादन केलेलं, कोकणातल्या लोकसमजुतींचं १९१५ सालचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यातला मजकूर गोळा केला होता ए. एम. टी. जॅक्सन यानं. तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. जॅक्सनमागं कागद राहिले, ते एन्थोवेननं लावले. पण मास्तरांना त्यात कौतुक साहेबांचं नव्हतं. माहिती पुरवणारे होते गावोगावचे शाळामास्तर! सरकारकडून प्रश्नावली आली आणि मास्तर मंडळींनी आपापल्या गावची भुतं नीट चौकशी करून लिहून पाठवली. शिरगणती काय, भूतगणती काय, काम शेवटी मास्तरावरच.

ती यादी वाचताना मला आमची खातेवही आठवली. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. मालमत्तेत जीव अडकून गेला तो समंध. विधवा गेली ती लावसट. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. शिवाय बरीचशी जातवार विभागणी. मेला तरी माणसाचा दाखला सुटत नाही! पण नीट बघा. यातलं कुणीही उगाच भूत झालेलं नाही. प्रत्येकाच्या नावापुढं काहीतरी द्यायचं राहिल्याची नोंद आहे.

तर मास्तरांची गोष्ट. सुरुवात त्यांनी आरवलीच्या वेतोबापासून केली. हा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, आणि चालून चालून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. मला हे आवडलं. याला म्हणतात दंतकथा. हिला गाव आहे, पत्ता आहे, आणि तळव्याला माती लागलेली आहे.

मग मास्तर जरा थांबले आणि म्हणाले, “आमच्या घरात एक अलवंतीण होती.”

विमेवाल्यांनी ग्लास खाली ठेवला.

“माझ्या आजीची थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि गेली. आजी तेव्हा नऊ वर्षांची. अशी बाई गेली की स्मशानातून परतताना वाटेवर राळे टाकत यायचे, अशी रीत होती. तिला घरी परत यायचं तर ते सगळे दाणे एका रात्रीत वेचावे लागतात. तेवढे वेचून होत नाहीत, पहाट होते आणि तिला मागं फिरावं लागतं.”

“मग?” विमेवाले म्हणाले.

“मग काय? तिन्हीसांजेला आजी घरात दिसेना. शोधायला गेले तर ती पाणंदीत उकिडवी बसून राळे वेचत होती. परकराच्या ओच्यात पसाभर गोळा झाले होते.”

“कशाला?”

“बहिणीला लवकर येता यावं म्हणून.”

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. लिफ्टसुद्धा गप्प होती.

“मार बसला तिला,” मास्तर म्हणाले. “दाणे पुन्हा टाकले.”

“आणि ती... आली कधी?” विमेवाल्यांचा आवाज यावेळी आपोआप खाली आला होता.

“नाही. आजी ब्याऐंशी वर्षांची होऊन गेली. मला हे तिनंच सांगितलं. अंधाराला ती कधी भ्यायली नाही.”

“नाव काय होतं हो बहिणीचं?” प्राध्यापकांनी विचारलं.

“आजी नुसतं ‘बाय’ म्हणायची. घरात दुसऱ्या कुणी तिचं नाव घेतलं नाही. कागदावर कुठं नाही.”

आता समीक्षक म्हणून बोलायचं तर या गोष्टीत दोषच दोष आहेत. कथानक नाही. उत्कर्षबिंदू नाही. भूत तर शेवटपर्यंत आलंच नाही. भुताच्या गोष्टीतून भूत गैरहजर, म्हणजे लग्नातून नवरदेव पळाल्यासारखं. तरीही त्या बैठकीतली ही सर्वांत उत्तम गोष्ट होती, आणि का, तेही मला सांगता येईल. विमेवाल्यांची गोष्ट ऐकताना आपण विचारतो, ‘पुढं काय झालं?’ मास्तरांची ऐकल्यावर आपण विचारतो, ‘ती कोण होती?’ पहिल्या प्रश्नाची भीती मोटार घाट उतरेपर्यंत टिकते. दुसरा प्रश्न घरापर्यंत येतो, आणि आपल्याच घरात कुणाकुणाची नावं घेतली जात नाहीत ते आठवायला लावतो.

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. नाव ऐकून लोकांना रहस्यकथा आठवते. रत्नाकर मतकरींसारखे गूढकथाकार वर्षानुवर्षं बँकेत नोकरी करत होते, तेव्हा तसा गैरसमज व्हायला जागा आहे. पण त्या खात्याचं काम साधं आहे. एखादी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची हे कळलं नाही, की ती तात्पुरती तिथं टाकायची. लेजर जाऊन संगणक आले तरी हे खातं आहेच. आणि इन्स्पेक्शनला आलेले साहेब चहा यायच्या आत पहिला प्रश्न तोच विचारतात: सस्पेन्समध्ये सर्वांत जुनी एन्ट्री कधीची? कारण तात्पुरतं म्हणून टाकलेलं तिथं वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि बाहेरून ताळेबंद मात्र व्यवस्थित जुळलेला दिसतो.

आपली भुतं म्हणजे या खात्यातल्या एन्ट्र्या आहेत. बाळंतपणात सुईण वेळेवर आली नाही, विधवेला कुणी विचारलं नाही, पोर विहिरीत पडलं तेव्हा घरात भांडण चाललं होतं. यातलं काही कुणाच्या खात्यावर टाकायची घराण्याची तयारी नव्हती. मग ते पिंपळावर टाकलं, विहिरीवर टाकलं, पाणंदीच्या वळणावर टाकलं. वाटेवर दाणे पसरले आणि वही मिटली. नऊ वर्षांच्या एका पोरीनं तेवढी ती उघडायला बघितली, तर तिला मार बसला.

म्हणून बैठकीतल्या भुतांवर माझा राग नाही, आणि वाइनवर तर मुळीच नाही. मंडळींनी जरूर बसावं, दिवे मालवता आले तर मालवावेत. विमेवाल्यांना एवढंच सुचवणं आहे, की पुढच्या चौथ्या शनिवारी घाटातल्या त्या बाईला पुन्हा आणायचं असेल तर अवश्य आणा. फक्त येताना तिचं नाव, गाव आणि माहेर विचारून या. केवायसी पुरं झाल्याशिवाय आम्हाला खातं उघडता येत नाही.