एकाच हाडाचा जबडा

ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्ड गावी छपरांवर घालायच्या पातळ फरश्यांसाठी दगड खणत. १८१२च्या सुमारास एका वृद्ध गवंड्याने त्या दगडातले दोन इवलेसे जबडे विल्यम ब्रोडरिप या तरुणाच्या ऑक्सफर्डमधल्या खोलीवर आणून दिले. ब्रोडरिप पुढे लंडनमध्ये मॅजिस्ट्रेट झाला. निसर्गाभ्यास हा त्याचा आयुष्यभराचा छंद. एक जबडा भूवैज्ञानिक विल्यम बकलंडने घेतला. दुसरा ब्रोडरिपकडेच कुठेतरी गहाळ झाला, पुन्हा हाती लागला आणि १८२८मध्ये त्याने त्याचे वर्णन छापले. आज आपण त्या प्राण्याला फॅस्कोलोथेरियम म्हणतो. बोटाएवढाही लांब नसलेला हा जबडा सुमारे १६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे महाकाय सरीसृपांच्या ऐन भराच्या काळातला.

आधी दात पाहावेत. सरड्याच्या जबड्यात पुढून मागपर्यंत दातांची घडण साधारण एकच असते. इथे पुढे पटाशीचे दात, मग सुळा, मग दाढा. दाढेवरचे मुख्य उंचवटे एका ओळीत, मधला उंच, पुढचा-मागचा ठेंगणा. पण खरी मौज दाढेच्या खाली आहे. तिला दोन मुळे आहेत आणि ती हाडातल्या खोबणींत पक्की रुतली आहेत. १८१८मध्ये फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्यूव्हिएने बकलंडकडचा जबडा पाहिला आणि ओपॉसम या पिशवीधारी सस्तनाशी त्याचे साम्य सांगितले. इतक्या जुन्या खडकात सस्तन प्राणी कसा, ही शंका बाजूला ठेवून त्याने दातांवर विश्वास टाकला. या धारिष्ट्याचे मला फार अप्रूप वाटते.

सगळ्यांना ते पटले नाही. १८३८मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लॅनव्हिलने हे जबडे सस्तनाचे असण्याला हरकत घेतली, तेव्हा इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने दोन्ही जबडे पुन्हा तपासले. सरीसृपाचा खालचा जबडा अनेक हाडांचा जोडलेला असतो, हा एकसंध. स्नायू बसण्यासाठी मागे रुंद, उंच पाते. आणि सांध्याचे टोक फुगीर! सरीसृपात तिथे खळगा असतो. जबड्याचा मागचा कोन आत वळलेला पाहून ओवेनने या प्राण्याला कांगारूंच्या, म्हणजे पिशवीधारी सस्तनांच्या, गोतात बसवले. ते पुढे टिकले नाही, पण सस्तनपणाचा त्याचा पुरावा एकेका कंगोऱ्यावर उभा आहे.

विरोधकांचे एक हत्यार जबर होते: अमेरिकेतला बॅसिलोसॉरस. तो सरीसृप मानला जाई, आणि त्याच्याही दाढांना दोन मुळे! मग दोन मुळांना काय अर्थ उरला? १८३९मध्ये त्याची हाडे लंडनला आली. ओवेनने दाताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि तो प्राणीच सस्तन ठरवला. आज आपण त्याला प्राचीन देवमासा म्हणून ओळखतो. अपवाद हाती घेऊन त्यालाच नियमाचा साक्षीदार करणे, यापेक्षा देखणा युक्तिवाद मला आठवत नाही.

जबड्याच्या आतल्या बाजूने एक बारीक चर जातो. सहज सुटेल असा. विरोधकांना ती हाडांमधल्या जोडाची रेघ वाटली. ओवेन म्हणाला, हा निव्वळ चर आहे, हाड अखंड आहे. त्याचे बरोबर होते. मात्र विरोधकांनी बोट ठेवले ती जागा मोलाची निघाली. या चरात मेकेलची कूर्चा नावाची लवचीक कांडी बसत असे, सस्तनांच्या सरीसृपासारख्या पूर्वजांकडून चालत आलेली. आपल्याही गर्भावस्थेत ती खालच्या जबड्याच्या आतून जाते आणि तिच्या मागच्या टोकापासून कानातले हातोडीचे हाड घडते.